कौतिका, कौतकी, कौतक्का

बारशाले आत्याच लागते. मामी चालत नाई, मावशी चालत नाई, शेजारीन त नाईच नाई. पाळन्यात वाकून पोट्टीच्या कानात नाव सांगाचं अन् पाठीत बायाईचे बुक्के खायाचे, हे आत्याचं काम. अन् आत्या होती मी, बेल्याची मथुरा. आता तुमीच सांगा, जिचा हक तिलेच निरोप धाडाचा का 'नाव स्वाती ठरलं हाये, तू फक्त कानात सांगून दे'? मंग मी काय पोस्टमन हाव का?

माह्या लहान भावाले, व्यंकटेशले, लगनानंतर लय वर्सानं पोरगी झाली. तो मंचेरियलले कोळशाच्या खदानीवर कामाले. खाली उतरून खोदत नाई, वरच्या हाफिसात बाबू हाये. मी इकडे बेल्याले, नवऱ्यासंगं भाजीचं वावर करते अन् आदिलाबादच्या बाजारात वांगे-मिरच्या घेऊन बसते. बा, म्हंजे आमचे वडील रामाजी, माह्यापाशीच राहे. पोट्टी झाल्याचं कळलं त्या दिवशीच माह्या मनात पक्कं झालं होतं का नाव कौतिका ठेवाचं. आमच्या मायचं नाव. अन् व्यंकटेशले तेच नको होतं.

हे नाव ऐकलं का बेल्याकडचा मानूस लेकराले जवळ वढून घेते. काऊन, ते सांगते.

हैदराबादचं राज्य जाऊन आंध्र झालं, त्याच्या मागंपुढची गोष्ट. दसऱ्याच्या आधी घरोघरच्या गोधड्या नदीवर धुवाले नेतात. माय पैनगंगेच्या डोहावर गोधड्या धूत होती, मी काठावर वाळू घालत होती, अन् व्यंकटेश, अजून नीट चालत नोता तो, झाडाच्या सावलीत निजेल होता. त्या साली रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडनारे तेलुगू मजूर आले होते. त्याईचं एक पोट्टं दगडावरून घसरलं अन् डोहात गेलं. मायले पोहता येत नोतं. तरी गेली. पोट्ट्याले दोन्ही हातानं वर उचललं, दगडावर ढकललं, अन् तिचाच पाय सुटला. वल्ली गोधडी कमरेले गुंडाळेल होती, तिच्या वजनानं खाली गेली. लोकाईनं पार खालच्या गावापर्यंत नदी धुंडाळली. माय काही सापडली नाई.

आता आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाई हे त सगळ्याईलेच ठाऊक. पन नवराही चारचौघात बायकोचं नाव घेत नाई, लाजते. बानं जित्या मायले कवा 'कौतिका' म्हनलं नाई. 'अवं', नाईतर 'मथुरेची माय'. लगनात उखान्यात घेतलं असन तेवढंच. अन् माय गेल्यावर हाच मानूस सांजेले ढोरं बांधून डोहावर जाये अन् मोठ्यानं हाक मारे, 'कौतिकाऽ! अवं कौतिकाऽ!'

मी त्याच्या धोतराचा सोगा धरून संगं जाये. हाक मारून झाली का बा पान्याकडे पाहून हळू सांगे, 'पोरं जेवले बरं. लाल गाय याली, कालवड झाली. व्यंकटेशच्या दाढा येऊन राह्यल्या, लय किरकिर करते.' एवढं सांगाचं अन् घरी याचं. दुसरं काही नाई. मी एकडाव इचारलं, 'बा, तू नाव काऊन घेतं?' त म्हने, 'नुसतं अवं म्हनलं त काठावरच्या साऱ्या बाया वळून पाहतीन. पान्यात तिले समजाले पाह्यजे का मी तिलेच बलावून राह्यलो.'

पन गावाले सांगनं कुठं ऐकू जाये? गावाले फक्त हाक ऐकू जाये. अन् गावानं काय समजावं? नवरा बायकोचं नाव घेते, तेही मेलेल्या बायकोचं, तेही दिवेलागनीले, पान्याकडे तोंड करून! म्हंजे हा काही घेत नाई, तीच याच्या तोंडातून घेववून राह्यली. झालं! कौतिका पान्यात बसली अन् नवऱ्याले वढून राह्यली, असं ठरलं. बाप्पा, एकालेही वाटलं नाई का मानसाले बायकोची आठोन येत असन. आठोन येते हे कबूल कराले आमच्या गावाले लाज वाटे, भूत कबूल कराले वाटत नोती.

मंग चार बुढे जमले. केशवराव म्हनून होते, त्याईचा शब्द गावात चाले. त्याईनं बाले मारोतीच्या पारावर बसवलं, मले अन् व्यंकटेशले समोर आनलं, अन् आमच्या डोक्यावर बाचा हात ठेवून आन घ्याले लावली. बायकोचं नाव आता तोंडातून काढाचं नाई, काढलं त लेकराईवर येईन. त्यानं आन घेतली. अन् पाळली. डोहावर जानं बंद, हाक बंद. मायचा विषय निघाला का उठून ढोराईपाशी जाये.

अन् ज्या गावानं बाच्या तोंडातून नाव काढून घेतलं, त्याच गावानं ते चोहीकडे पेरलं.

बारशाले जातानी बाले घेऊन बसमंदी बसली तवा हेच डोक्यात चालू होतं. बेल्याहून आदिलाबाद, आदिलाबादहून उटनूर, तिथून जंगलातून मंचेरियल. ही बस जशी गेली तसंच माह्या मायचं नाव गेलं होतं. फरक एवढाच का तिले तिकीट लागलं नाई.

बेल्यात बाया पोट्ट्याईले म्हनत, 'डोहावर जाऊ नको, कौतिका धरीन.' तिथपर्यंत निदान ती आमच्या गावची बाई होती. मंग कापसाच्या गाड्या आदिलाबादले जात, तिथले हमाल उर्दू बोलनारे. गाडीवाल्याईनं रातच्या मुक्कामाले गोष्ट सांगतली अन् हमालाईनं तिले 'कौतकी' केलं. कौतकीले त्याईनं पांढरं लुगडं नेसवलं अन् पाय उलटे लावले. अव माय! माही माय जलमभर हिरव्या लुगड्यात राह्यली, पांढरं कवा आंगाले लावलं नाई तिनं. मी बाजारात बसाले लागली त एक हमाल आपल्या पोट्ट्याले सांगून राह्यला होता, 'रो मत, कौतकी आ जाएगी.' मी वांग्याचं टोपलं सोडून त्याच्या आंगावर गेली. 'तिचे पाय पाह्यले काय रे तू? पाह्यले काय?' तो बिचारा माह्याकडे पाहतच राह्यला. त्याले काय ठाऊक.

आदिलाबादच्या शाळेत तेलुगू पोट्ट्याईनं तिच्या मांगं 'अक्का' लावलं. त्याईच्यात मोठ्या बहिनीले अक्का म्हनतात, मान द्याची रीत. कौतक्का. मान दिला अन् चिंचेच्या झाडावर नेऊन बसवली, घोट्यापर्यंत केस सोडून. अन् उटनूरच्या अंगाले गोंडाईच्या गुड्यात, म्हंजे पाड्यात, ती झाली कवते, अर्धी बाई अर्धी मासोळी. बसमंदी माह्या बाजूले एक गोंडीन बसली होती, तिलेच इचारलं. तिनं सांगतलं का नाला उतराच्या आधी कवतेले कोंबडी द्या लागते. म्हनलं चाला, तिथं निदान कोंबडी त भेटून राह्यली.

बा खिडकीले टेकून बसला होता. त्याले कमी ऐकू ये आता, म्हनून हे सारं मी माह्याशीच बोलत होती. मले वाटलं, लगनात पोरीचं नाव बदलतात, सासरी गेल्यावर तिथलं नेसा लागते, तिथलं जेवा लागते. तसंच झालं हे. जिथं गेली तिथलं नाव, तिथलं लुगडं, तिथलंच भेव. फक्त सासरच्या पोरीले सनावाराले कोनी माहेरी त आनते. माह्या मायले परत आनाले कोनीच गेलं नाई. अन् म्हनूनच मले ते नाव पाळन्यात पाह्यजे होतं. भुताचं नाव जाऊन एकडाव लेकराचं व्हावं, बस.

व्यंकटेशच्या क्वार्टरात पोचलो. पोट्टी पाह्यली. अशी गोरीपान, कपाळावर मायसारखी आठी. भावजय मीनाक्षी आदिलाबादची, तिचे वडील तहशिलीत होते. लाघवी पोरगी हाये, पन तिले मायबद्दल काहीच ठाऊक नोतं. व्यंकटेशनं सांगतलं होतं का माय तापानं गेली. दुपारी ती निजल्यावर मी त्याले अंगनात गाठलं.

'व्यंकटेश, नाव कौतिका ठेवू.'

'नाई.'

'आपल्या मायचं नाव हाये रे.'

'मायचं कुठं राह्यलं ते?' तो हळूच बोलला, पन असा बोलला का मीच मांगं सरली. 'तू बाजारात भांडत बसली असशील बाई, मी शाळेत होतो. पोट्टे माह्या चपला काढून पाय पाहत, उलटे हायेत का म्हनून. रोज. हैदराबादची नोकरी भेटत होती, पन मले वाटलं मंचेरियल पुरे, इथं कोन ओळखते. अन् क्वार्टरात येऊन आठ दिवस झाले नाई त बाजूची लच्चम्मा लेकराले सांगून राह्यली, कौतक्का! मी दार लावून घेतलं. आता माह्या पोरीचे पाय पाहू देऊ लोकाईले?'

बा डोहावर काय सांगे ते त्याले सांगाले गेली का तो उठून जाये, लहानपनापासून तसाच. आताही उठला. 'स्वाती सांग कानात,' म्हने, 'माही शपथ हाये तुले.'

घ्या! एकाले आन घातली बुढ्याईनं, दुसरीले घालून राह्यला भाऊ. माह्या डोळ्यात पानीच आलं. रागानं आलं, दुसरं काही समजू नका.

बारशाच्या सकाळी लच्चम्मा पोट्टीले आंघोळ घालाले आली. कॉलनीतल्या साऱ्या लेकराईले तीच न्हाऊ घाले. पाय लांब करून पाटावर बसली, पोट्टीले पिंडऱ्यावर पालथं घातलं, तेल लावलं, ऊन पान्यानं चांगलं घसघसून न्हाऊ घातलं. मी पानी आनून देत होती. शेवटचा तांब्या राह्यला तवा तिनं तो पोट्टीवरून ओवाळला, पानी बाजूले सांडलं अन् म्हनली, 'कौतक्का, एत्तुको.'

माह्या हातातली बादली खाली ठेवा लागली मले. भाजी इकून इकून तेवढी तेलुगू मले येते. एत्तुको म्हंजे उचलून घे. लेकरू हात वर करून मायले म्हनते ना, कडेवर घे, तसं.

'ए लच्चम्मा, हे काय बोलली तू?'

ती हासली. तिच्या मोडक्या हिंदीत सांगाले लागली, 'कौतक्का पानी में रहती, अम्मा. बच्चा पानी में गिरा तो दोनों हाथ से उठाती, पत्थर पे रख देती. हमारी सास बोलती थी. नाम रखने के दिन नहान में उसको बोलना. फिर बच्चा कभी डूबता नहीं.'

'तुही सासू कुठली?'

'किधर की क्या मालूम. वो लोग रोड पे पत्थर फोड़ते थे, इधर उधर. फिर खदान शुरू हुई तो इधर आ गए.'

मी तिथंच मोरीच्या कट्ट्यावर बसली. दोन्ही हातानं उचललं, दगडावर ठेवलं. हे काठावरून पाह्यलं होतं मी. मी पाह्यलं होतं अन् त्या मजुराईनं. गावानं तिच्या मांगं भेव लावून दिलं, अन् ज्याईचं लेकरू वाचलं ते खरी गोष्ट घेऊन एका कामावरून दुसऱ्या कामावर फिरत राह्यले. लच्चम्माची सासू त्यातलीच असन का दुसरी कोनी, ते मले ठाऊक नाई, अन् ठाऊक करून घ्याचंही नाई. मले पुरलं. मी लच्चम्माचे वल्ले हात धरले अन् रडली. ती घाबरली, तिले वाटलं तिचं काही चुकलं.

धावत व्यंकटेशपाशी गेली. सारं सांगतलं. त्यानं आयकून घेतलं, खोटं नाई बोलत, घडीभर त्याचे डोळे भरले. पन मंग मान हालवली. 'आंघोळीत चांगलं हाये बाई. शाळेत पोट्टे सास्वाईच्या गोष्टी नाई आयकत.'

सांजेले बाया जमल्या. मराठी घरं चार-सहाच, बाकी साऱ्या तेलुगू. पाळना सजवला, घुगऱ्याचं पातेलं मधात ठेवलं. बा बाहीरच्या खोलीत खुर्चीवर. व्यंकटेश दारात उभा, माह्याकडे डोळे लावून. मीनाक्षीनं पोट्टीले पाळन्यात ठेवलं अन् म्हनली, 'वन्सं, घ्या नाव.'

मी वाकली. पोट्टी जागीच होती, माह्या नथीकडे टकमक पाहत होती. देवाशपथ सांगते, वाकेपर्यंत मी 'स्वाती'च म्हननार होती. भावाची शपथ होती. पन तिच्या केसाले अजून सकाळच्या आंघोळीचा वास होता. अन् माह्या तोंडातून तेच निघालं जे निघाले पाह्यजे. 'कुर्रर्र... कौतिका.'

बायाईनं दनादन बुक्के घातले. लच्चम्माचा हात त काय, दगड फोडनाऱ्या घरचा! पाठ धरून उभी राह्यली तवा साऱ्या इचारून राह्यल्या, 'पेरेंटि? पेरेंटि? नाव काय?'

'कौतिका,' मी मोठ्यानं म्हनली. 'माह्या मायचं नाव हाये.'

तेलुगू बायाईनं एकमेकीकडे पाह्यलं. लच्चम्मानं तोंडावर हात ठेवला. व्यंकटेशचं तोंड पांढरं फक झालं. मीनाक्षी कवा त्याच्याकडे पाहे, कवा माह्याकडे. तेवढ्यात बाहीरून बाचा आवाज आला, 'मथुरे, काय ठेवलं वं?'

मी बाहीर गेली, त्याच्या कानाशी वाकली, जशी पाळन्यात वाकली होती तशीच. अन् सांगतलं.

बा माह्याकडे पाहत राह्यला. मंग त्यानं इचारलं, लेकरू इचारते तसं, 'पोट्टीचं?'

'हो बा. तुह्या नातीचं.'

'मंग हे नाव मले घेता येते?' तो म्हने. 'आन बायकोच्या नावाची होती. नातीच्या नावाची त नोती ना वं?'

'नोती बा. घे.'

तो उठला. मी हात द्याले गेली, त्यानं घेतला नाई. बायाईतून वाट काढत पाळन्यापाशी आला, दोन्ही हातानं पाळन्याची दोरी धरली, अन् बाप्पा, साऱ्या खोलीले आयकू जाईन असं म्हनला, 'कौतिका! अवं कौतिका!'

पोट्टीनं मान वळवली.

बानं गळा साफ केला. अन् खाली पाहून, हळू, डोहावर सांगे त्याच आवाजात सांगाले लागला. 'पोरं मोठे झाले बरं. मथुरेले चांगलं घर भेटलं, भाजीचं वावर हाये, तिची जबान मातर तशीच हाये. लाल गायीची कालवड लय वर्सं दूध दे, मांगं गेली ती. व्यंकटेशच्या दाढा आल्या. किरकिर करे तो, आता नाई करत. हाफिसात हाये.'

मी व्यंकटेशकडे पाह्यलं नाई, माह्यानं पाहवलंच नाई. त्याच्या पायाचा आवाज मातर आला. तो बायाईतून आत आला, बाच्या बाजूले उभा राह्यला. लहानपनापासून ज्या हाकेची त्याले लाज वाटे, ती हाक त्यानं आता पुरी आयकली होती. बा थांबला, म्हातारा मानूस, त्याले वाटलं पोरगा रागावला.

व्यंकटेशनं पाळन्याची दोरी धरली अन् एक झोका दिला.

'बा,' तो म्हने, 'आनखी सांग तिले.'

बानं सांगतलं. घुगऱ्या पार थंड झाल्या तरी कोनी उठलं नाई.